सेल्फ मारला, ट्रॅक्टर गप्प: नवा स्टार्टर घेण्याआधी हे तपासा

ऑक्टोबर छाटणी होऊन पंधरा-वीस दिवस झाले, की द्राक्षबागायतदाराची झोप हलकी होते. रात्री पाऊस पडून गेला तर उजाडायच्या आत डाऊनीची फवारणी झाली पाहिजे. ब्लोअरच्या टाकीत पाणी भरलेले, औषध कालवलेले, आणि चावी फिरवल्यावर ट्रॅक्टरमधून नुसता एक ‘टक्’. अशा पहाटेचे फोन मला वर्षानुवर्षे येत आहेत. प्रश्नही ठरलेला असतो: “सेल्फ गेलाय, नवाच टाकू का?”

माझे उत्तर असते, आज नको. आधी अर्धा तास द्या, एक वायर ब्रश आणि दोन पाने घ्या, आणि मी सांगतो त्या क्रमाने बघा. स्टार्टर मोटर, म्हणजे आपण ज्याला सेल्फ म्हणतो ती, दणकट वस्तू आहे. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा खोट निघते ती तिच्यापर्यंत वीज नेणाऱ्या वाटेत: बॅटरीच्या टोकावर, अर्थिंगच्या बोल्टवर, नाहीतर क्लचखालच्या एखाद्या छोट्या स्विचमध्ये. ती वाट न तपासता नवा स्टार्टर बसवला, तर तोही तितकाच गप्प बसतो आणि पैसे मात्र गेलेले असतात.

इंजिन घुमत नाही, की घुमते पण उठत नाही?

फोनवर दोन्ही तक्रारी “चालू होत नाही” याच शब्दांत येतात, म्हणून पहिल्यांदा एवढे नक्की करा. चावी फिरवल्यावर इंजिन घर्रघर्र फिरते पण पेटत नाही, तर सेल्फ आपले काम करतो आहे. तिथे डिझेल संपले आहे का, लाइनमध्ये हवा धरली आहे का, फिल्टर चोंदला आहे का, इंजिन बंद करायची दांडी ओढलेली राहिली आहे का, ते बघायचे. तो विषय वेगळा. हा लेख इंजिन मुळीच घुमत नाही किंवा अर्धवट हलून थांबते, त्यांच्यासाठी आहे.

वीज दोन वाटांनी जाते

तपासणीसाठी लागते तेवढेच सांगतो.

एक वाट जाड केबलची आहे: बॅटरीच्या प्लसपासून स्टार्टरच्या मोठ्या बोल्टपर्यंत, आणि इंजिनच्या अंगातून अर्थिंगच्या केबलने परत बॅटरीच्या मायनसपर्यंत. इंजिन फिरवताना या वाटेने शेकडो अँपिअर करंट जातो. दुसरी वाट बारीक वायरची: चावी, फ्यूज, सेफ्टी स्विच, आणि तिथून स्टार्टरच्या पाठीवरचा सोलेनॉइड. बारीक वाटेचा निरोप पोहोचला की सोलेनॉइड दोन कामे करतो. स्टार्टरची दातेरी चकती पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकवतो आणि आतला मोठा संपर्क जोडून जाड वाट खुली करतो. तुम्हाला ऐकू येणारा ‘टक्’ त्याचाच.

३०० अँपिअर जात असताना वाटेत एका ओहमच्या शंभराव्या भागाइतका जरी अडथळा आला, तरी १२ व्होल्टपैकी ३ व्होल्ट तिथेच जिरतात. टोकावरचा पांढरा थर एवढे करायला पुरेसा असतो. आणि हीच गोष्ट लोकांना फसवते: दिव्याला करंट थोडा लागतो, म्हणून दिवे लख्ख लागतात, हॉर्न वाजतो, आणि माणूस म्हणतो, “बॅटरी तर चांगली आहे, म्हणजे सेल्फच गेला.”

आवाज ऐका

गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, पीटीओ बंद. मग सीटवर बसून, क्लच पूर्ण दाबून चावी फिरवा आणि कान द्या.

- काहीच आवाज नाही: निरोपच पोहोचत नाही. बारीक वाट बघा. दिवेही लागत नसतील, तर बॅटरी पूर्ण उतरली आहे किंवा मुख्य केबल सुटली आहे.
- टकटकटकटक असा भराभर आवाज: बॅटरी कमजोर किंवा टोके ढिली, खराब. स्टार्टरला हात लावू नका.
- एकच जड ‘टक्’ आणि शांत: सोलेनॉइडने ओढले, पण मोटर फिरली नाही. कारणे तीन. जाड वाटेत अडथळा, स्टार्टरचे संपर्क किंवा कार्बन जळलेले, नाहीतर इंजिनच अडकलेले.
- सेल्फ नुसताच गरगर फिरतो, इंजिन जागचे हलत नाही: दातेरी चकतीचा क्लच, म्हणजे बेंडिक्स गेला आहे किंवा रिंगचे दात झिजले आहेत. इथे मात्र स्टार्टर उतरवावाच लागेल.
- इंजिन जड जड, कण्हत फिरते: बॅटरी, टोके, थंडी किंवा चुकीचे जाड ऑइल.

निफाडकडची डिसेंबर-जानेवारीतली थंडी ज्यांना माहीत आहे, त्यांना शेवटचा प्रकार ओळखीचा असेल. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि त्याच वेळी इंजिनातले ऑइल घट्ट होते. उन्हाळ्यात कसेबसे निभावलेली बॅटरी नेमकी तेव्हा दगा देते.

दिवे लावून परीक्षा

मीटर नसेल तर हे करा. हेडलाइट लावा, कुणाला तरी समोर उभे न करता बाजूला उभे करा आणि सेल्फ मारा.

दिवे एकदम विझले, तर बॅटरी किंवा तिची टोके. दिवे जसेच्या तसे लख्ख राहिले आणि काहीच झाले नाही, तर बारीक वाट. दिवे मंद झाले, ‘टक्’ आला आणि इंजिन हलले नाही, तर स्टार्टर किंवा इंजिन अडलेले. एका मिनिटात निम्मा शोध संपतो.

एक पथ्य. सेल्फ सलग १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि दोन प्रयत्नांमध्ये मिनिटभर तरी थांबा. रागाने चावी धरून ठेवल्यामुळे जळालेले सेल्फ मी हातात घेऊन पाहिले आहेत. वॉर्निशचा करपट वास कित्येक दिवस जात नाही.

बॅटरीची टोके: इथेच सर्वांत जास्त वेळ द्या

आधी हातातले कडे, अंगठी, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवा. बॅटरीवर पाना आडवा पडून अंगठी त्यात सापडली, तर बोट भाजून निघते.

सोडताना पहिल्यांदा मायनस, मग प्लस. जोडताना पहिल्यांदा प्लस, शेवटी मायनस. हा क्रम चुकवू नका. मायनस आधी सुटलेला असला, तर प्लस सोडताना पाना ट्रॅक्टरच्या अंगाला टेकला तरी ठिणगी पडत नाही.

क्लॅम्प सुटला की तो उलटा करून उजेडात आतून बघा. वरचा पांढरा-हिरवट भुगा सगळ्यांना दिसतो आणि तो पुसून लोक मोकळे होतात. खरा अडथळा आतल्या बाजूला असतो: शिशावर चढलेला काळपट, गुळगुळीत थर. नखाने निघत नाही. वायर ब्रशने किंवा पॉलिश पेपरने तो घासायचा, शिसे चांदीसारखे चमकेपर्यंत. बॅटरीचे उभे टोकही तसेच चमकवायचे. भुगा खूप असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवून त्यावर टाका, फसफसू द्या, मग साध्या पाण्याने धुवा. सोड्याचे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाणार नाही एवढे सांभाळा.

क्लॅम्प हाताने फिरवून बघा. जराही हलता कामा नये. ढिला म्हणून त्यात पत्र्याची किंवा तारेची पाचर मारलेली असेल, तर ती काढा आणि क्लॅम्पच बदला. पाचर हीच पुढच्या मोसमातली तक्रार असते. सगळे आवळून झाले की वरून व्हॅसलिनचा पातळ हात द्या. आधी लावून मग आवळायचे नाही.

आणखी एक जुनी युक्ती. दोन-तीनदा सेल्फ मारून चावी बंद करा आणि लगेच जाड केबलच्या प्रत्येक जोडाला बोट लावून बघा. जो जोड गरम लागेल, वीज तिथे अडते आहे.

बॅटरी खरोखर भरलेली आहे का

साधा डिजिटल मल्टीमीटर आता गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातही स्वस्तात मिळतो. ट्रॅक्टर बाळगणाऱ्या प्रत्येक घरात तो असावा असे माझे मत आहे. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची बॅटरी मोजा:

- १२.६ व्होल्ट किंवा थोडे वर: पूर्ण भरलेली
- १२.२ च्या आसपास: निम्मी
- १२ च्या खाली: जवळपास उतरलेली, चार्जिंगला न्या
- चार्ज करूनही साडेदहाच्या आसपासच: सहापैकी एक सेल मेलेला, बॅटरी बदला

आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. साडेनऊच्या खाली कोसळला, तर १२.६ दाखवणारी बॅटरीही आतून थकलेली आहे. इंजिन चालू झाल्यावर मीटर १३.८ ते १४.५ दाखवत असेल तर अल्टरनेटर चार्ज करतो आहे. तसे नसेल, तर नवी बॅटरीही आठवड्यात उतरेल.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल, तर पाणी प्लेटांच्या वर बोटभर असू द्या. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. “आरओचे पाणी चालेल का?” असे पुष्कळजण विचारतात. चालत नाही, त्यात क्षार शिल्लक असतात. ॲसिड तर घरी कधीच ओतू नका. चार्जिंगवाल्याकडून प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी मोजून घ्या. एक सेल बाकीच्यांपेक्षा स्पष्ट खाली असेल, तर त्या बॅटरीवर पैसे घालवू नका. सीलबंद बॅटरीवरच्या रंगीत डोळ्यावर मात्र फार विसंबू नका. तो एकाच सेलचे सांगतो.

चार्जिंग सावकाश हवे. ७५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साधारण ७ ते ८ अँपिअर, दहा-बारा तास. “तासाभरात करून देतो” म्हणणाऱ्याकडे नेऊ नका.

अर्थिंगचा बोल्ट

प्लसची केबल सगळे बघतात, अर्थिंगची कुणी बघत नाही. एका बागायतदाराने एका मोसमात आधी बॅटरी बदलली, मग स्टार्टर बदलला. तक्रार तशीच. मी गेलो तेव्हा मायनसची केबल चासीवर जिथे बसते तो बोल्ट सोडवला. केबलच्या डोळ्याखाली निळा रंग होता. आदल्या दिवाळीला ट्रॅक्टर रंगवून घेतला होता आणि रंगाऱ्याने बोल्ट काढून, खाली रंग मारून, तो परत बसवला होता. रंगातून वीज जात नाही. रुपयाएवढी जागा खरवडून लोखंड उघडे केले, बोल्ट आवळला आणि ट्रॅक्टर पहिल्या फेरीत उठला. दोन्ही जुन्या वस्तू तोवर मोडीत गेल्या होत्या.

मीटरवर हे असे पकडतात. इंजिन बंद करायची दांडी ओढून धरा, म्हणजे इंजिन पेटणार नाही. मीटरचे एक टोक बॅटरीच्या मायनस शिशावर, दुसरे इंजिनच्या कोऱ्या धातूवर. सेल्फ मारताना ०.३ व्होल्टच्या वर आकडा गेला, तर अर्थिंग खराब. तसेच बॅटरीचे प्लस आणि स्टार्टरचा मोठा बोल्ट यांच्यामध्ये मोजा. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आले, तर प्लसची केबल किंवा तिचा जोड बदला. केबल वरून धड दिसते आणि रबराखाली तांबे हिरवे होऊन कुजलेले असते, म्हणून डोळ्यांपेक्षा आकड्यावर विश्वास ठेवा.

बारीक वाट: स्विच, फ्यूज, उंदीर

आवाजच येत नसेल, तर या क्रमाने बघा.

१. हाय-लो आणि गिअर, दोन्ही लिव्हर पुढे-मागे करून पुन्हा न्यूट्रलला आणा. न्यूट्रलचा स्विच पुष्कळदा एवढ्याने धरतो.
२. क्लच तळापर्यंत दाबा. पायाखालचा स्विच चिखलाने जाम झालेला किंवा त्याची कड वाकलेली असू शकते. फवारणीच्या औषधांनीही त्याचे टोक गंजते.
३. पीटीओचा लिव्हर पूर्ण बंद आहे का? काही मॉडेलना त्याचाही स्विच असतो.
४. फ्यूज काढून, उजेडात धरून बघा. तो जळालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. तार किंवा चांदीचा कागद गुंडाळू नका.
५. बॉनेट उघडून वायरींचा झुपका बघा. ऊसपट्ट्यात शेडमध्ये महिनाभर उभ्या ट्रॅक्टरच्या वायरी उंदीर हमखास कुरतडतात.
६. सोलेनॉइडवरची बारीक वायर घट्ट आहे का? सेल्फ मारताना तिथे १२ व्होल्टच्या जवळपास येतात आणि तरी आवाज नाही, तर सोलेनॉइड गेला.

सेफ्टी स्विच खराब निघाला तर मेकॅनिक म्हणेल, “जोडून टाकतो थेट, कटकट नको.” नको म्हणा. स्विच स्वस्त असतो. तो कशासाठी असतो ते पुढे वाचा.

स्क्रू ड्रायव्हर टेकवून चालू करू नका

कितीतरी ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये टोक वितळलेला, निळा पडलेला एक स्क्रू ड्रायव्हर असतो. सेल्फ लागला नाही की खाली उतरायचे, मागच्या चाकाच्या पुढे उभे राहायचे आणि स्टार्टरच्या दोन बोल्टांवर तो आडवा टेकवायचा. ठिणगी उडते, इंजिन उठते. शंभर वेळा काही होत नाही.

एकदा गिअर अडकलेला असतो. आदल्या संध्याकाळी पोराने ट्रॅक्टर उतारावर गिअरमध्ये लावून ठेवलेला असतो, तुम्हाला ते माहीत नसते. स्क्रू ड्रायव्हरने तुम्ही न्यूट्रलचा आणि क्लचचा स्विच दोन्ही वगळलेले असतात. डिझेल इंजिन लगेच पेटते, ट्रॅक्टर जागेवरून सुटतो आणि मागचे चाक जिथून पुढे जाते, तिथेच तुम्ही उभे असता. सरायला वेळ मिळत नाही. यात माणसे गेली आहेत आणि जातात. जगभरातल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकांमध्ये ही सूचना ठळक अक्षरांत असते ती याच कारणाने.

ट्रॅक्टर फक्त सीटवर बसून चालू करायचा. फवारणी एक दिवस पुढे गेली तर जाऊ द्या. घरात ड्रायव्हर असेल, गडी असेल, शाळेतून आलेला मुलगा ट्रॅक्टर फिरवत असेल, तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

अडलेल्या वेळी: दुसऱ्या बॅटरीवरून

बॅटरीच उतरली आहे हे कळले आणि काम थांबवता येत नाही, तर जंपर केबल लावा. जाड, तांब्याची घ्या. घरच्या वायरिंगची तार वापरू नका.

- दुसऱ्या वाहनाची बॅटरीही १२ व्होल्टचीच हवी. मोठ्या ट्रकला सहसा २४ व्होल्ट असतात. त्याची जोडणी ट्रॅक्टरला दिली तर दिवे, मीटर जळतील, बॅटरी फुटूही शकते.
- लाल केबल: आधी उतरलेल्या बॅटरीचे प्लस, मग चांगल्या बॅटरीचे प्लस.
- काळी केबल: आधी चांगल्या बॅटरीचे मायनस, मग तुमच्या ट्रॅक्टरच्या इंजिनवरचा कोरा धातू, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिच्यावरच ठिणगी पडू द्यायची नाही.
- पाच मिनिटे थांबा, मग सेल्फ मारा. सोडताना बरोबर उलटा क्रम. जवळ बिडी-सिगारेट नको.

दुसऱ्या ट्रॅक्टरने दोरखंड लावून ओढण्याचा मार्ग माझ्या यादीत नाही. ओढलेला ट्रॅक्टर एकदम पेटून पुढच्यावर आदळतो, दोर तुटून सपकन मागे येतो, आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन बंद असताना ते वळता वळत नाही. रोज उतारावर लावून ढकलून चालू करणाऱ्यांनाही सांगतो: तुम्ही दुरुस्ती टाळताय आणि ब्रेकवर भरवसा ठेवताय.

इंजिनच अडकले असेल तर

केबल चमकल्या, बॅटरी भरली, तरी एकच ‘टक्’ येत असेल, तर स्टार्टर उतरवण्याआधी इंजिन हाताने फिरते का ते बघा. बॅटरीची मायनस सोडा, गिअर न्यूट्रल करा, आणि पुढच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून सावकाश फिरवा. जड जाईल, पण फिरले पाहिजे. अजिबात हलले नाही तर तिथेच थांबा.

बिनछपराच्या ट्रॅक्टरच्या उभ्या सायलेन्सरवर आपल्याकडे डबा उपडा घालतात. तो अडाणीपणा नाही, शहाणपण आहे. सायलेन्सरचे झाकण मोडले, डबा वाऱ्याने उडाला आणि पाऊस झाला, तर पाणी सरळ सिलेंडरच्या दिशेने उतरते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. वर सेल्फ जोरात मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात सांगली-कोल्हापूरकडे पाण्याखाली गेलेल्या ट्रॅक्टरांच्या बाबतीत हाच धोका होता. पुरातून निघालेल्या ट्रॅक्टरला “बघू तरी चालू होतो का” म्हणून चावी लावू नका. बॅटरी सोडा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, आणि मेकॅनिककडून इंजेक्टर काढून, ऑइल बदलून, हाताने फिरवून मगच पुढे जा. पाणी शिरलेले असताना सेल्फ मारून इंजिन फुटले, तर विमा कंपनी ते नुकसान तुमच्या चुकीने झाले म्हणून नाकारू शकते. फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर पुराचे नुकसान त्यात मुळात येतच नाही.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी चार ओळी

माझी भाची न्यू जर्सीत राहते. दर एप्रिलमध्ये तिच्या बसून चालवायच्या लॉन मोअरची हीच तक्रार येते: हिवाळाभर गॅरेजमध्ये राहिला, आता चावी फिरवली की गप्प. तपासाचा क्रम हाच आहे. बॅटरी छोटी असते आणि चार-पाच महिन्यांत आपोआप उतरते, म्हणून आधी ती चार्ज करा. फरक सेफ्टी स्विचमध्ये आहे: ब्रेक पेडल पूर्ण दाबलेले आणि पात्यांचा स्विच बंद असल्याशिवाय हे इंजिन फिरत नाही. काही मॉडेलना सीटखालचा स्विचही दाबलेला लागतो. एका सिलेंडरचे इंजिन अर्धा फेरा घेऊन धाडकन थांबत असेल आणि बॅटरी चांगली असेल, तर व्हॉल्व्हचे अंतर तपासून घ्या. ते वाढले की सुरुवातीचा दाब सोडण्याची सोय काम करत नाही आणि लोक विनाकारण स्टार्टर बदलतात. आणि हो, तिथेही स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा नाही. खाली पाती आहेत.

आता स्टार्टर उतरवा

सगळे झाले आणि खोट स्टार्टरपाशीच आली, तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे टेबलावर बॅटरी लावून त्याची चाचणी तुमच्यासमोर करायला सांगा. कार्बन झिजले असतील, बुश सैल झाले असतील, सोलेनॉइडचे संपर्क जळाले असतील, तर ही दुरुस्ती नव्याच्या मानाने थोडक्यात होते आणि चांगली टिकते. आर्मेचर जळाले असेल, तर हिशोब करा. रिवाइंडिंगचे काम करणारा खात्रीचा नसेल तर नवा घ्या. नवा घेताना जुन्यावरचा पार्ट नंबर आणि दात मोजून जुळवा.

दुरुस्तीला टाकताना तीन गोष्टी मागा: काय बिघडले ते लिहिलेले बिल, बदललेले जुने सुटे भाग परत, आणि किती महिन्यांची हमी ते बिलावरच. “जुने काय करणार तुम्ही?” असे विचारले तर सांगा, मला बघायचे आहेत.

वॉरंटी आणि तुमचा हक्क

ट्रॅक्टर वॉरंटीत असेल, तर बाहेरच्या कुणाकडून स्टार्टर उघडू नका. डीलर पुष्कळदा म्हणतो, “बॅटरी आमची नाही, त्यांच्या कंपनीकडे जा.” बॅटरी, टायर यांची हमी त्या-त्या कंपनीची असते हे खरे. पण ट्रॅक्टर त्यानेच विकला, तेव्हा तक्रार लेखी नोंदवून घ्यायला आणि पोच द्यायला त्याला सांगा. दोन गोष्टींवर वॉरंटी नाकारली जाते, त्या आधीच टाळा: सर्व्हिसच्या तारखा चुकवणे आणि गाण्याचा डेक, जादा एलईडी यांसाठी थेट बॅटरीवरून वायरी ओढणे.

नवी बॅटरी घेताना पक्के बिल आणि त्याच दिवसाच्या तारखेचा शिक्का असलेले वॉरंटी कार्ड घ्या. हमीचा किती काळ बदलून देण्याचा आणि किती काळ फक्त सूट देण्याचा, ते विचारा. जुन्या बॅटरीचे किती धरले, ते बिलावर वेगळे लिहून घ्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी नोंदणीकृत यंत्रणेतच परत गेली पाहिजे. भंगारवाल्याला देऊ नका. तो ॲसिड गटारात ओततो.

दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. डीलरच्या शहरात खेटे घालायला नकोत. “शेतीला वापरता म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहक नाही” असे कुणी म्हणाले तर ऐकू नका. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः राबून वापरलेली वस्तू कायद्याने व्यापारी ठरत नाही. मुदत मात्र कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे, म्हणून बिले प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रॅक्टरच्या आरसी पुस्तकाबरोबर ठेवा.

छाटणीला अजून अवकाश आहे. या रविवारी १३ नंबरचा पाना आणि वायर ब्रश घेऊन अर्थिंगचा तो एक बोल्ट सोडवा, घासा, परत आवळा. आणि टूलबॉक्समधला तो टोक वितळलेला स्क्रू ड्रायव्हर कायमचा बाहेर काढून टाका.